आपल्या खाडीचं नाव काय?

मंडळी, थोडं लांब लिहितोय. चहा घेऊन बसा.

2025 च्या जूनमधली गोष्ट. इराण-इस्रायलचं युद्ध पेटलेलं. 23 जूनच्या रात्री इराणने कतारमधल्या अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रं सोडली. घरात हिंदी चॅनल लागलेला आणि खाली पट्टी पळत होती, "खाड़ी में तनाव". आई स्वयंपाकघरातून बाहेर आली नि घाबरून विचारती झाली, "काय रे, आपल्या खाडीत काय झालं? कोण बुडालं का?"

मी हसलो. पण शेजारच्या चाचींकडे रात्रभर दिवा होता. त्यांचा मुलगा दोह्याला. फोन लागेना, विमानं बंद. सकाळी फोन लागला तेव्हा चाची दारात येऊन एवढंच म्हणाल्या, "खलीजमध्ये सगळं ठीक आहे म्हणतोय."

म्हणजे बघा, एकाच पाण्याला एकाच आळीत तीन शब्द. हिंदी बातमीवाला म्हणतो खाड़ी, चाची म्हणतात खलीज आणि आपलं शाळेचं पुस्तक म्हणतं आखात. आणि आईसाठी खाडी एकच, म्हसळ्याची.

त्या दिवसापासून हा विषय डोक्यात आहे. मराठीत आपल्याकडे यासाठी बरे शब्द आहेत. बंगालचा तो उपसागर. इराण-अरबस्तानच्या मधलं ते आखात. नदी समुद्राला मिळते आणि भरतीचं पाणी आत चढतं ती खाडी. हिंदीत यातल्या बऱ्याच गोष्टींना खाड़ी हा एकच शब्द चालतो, म्हणून टीव्हीवर गोंधळ होतो. आपण मात्र भेद करतो, कारण आपण पाण्याच्या काठावर राहतो. ज्याला रोज ओहोटीची वेळ बघावी लागते त्याला शब्द नेमका लागतो.

आता जगात काय चाललंय बघा. 20 जानेवारी 2025 ला अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प यांनी पदावर आल्या दिवशी सही केली आणि मेक्सिकोच्या आखाताला अमेरिकेचं आखात म्हणायचं ठरवलं. सोळाव्या शतकापासून नकाशांवर चालत आलेलं नाव. मेक्सिकोच्या अध्यक्षा शेनबॉम यांनी त्याआधीच पत्रकार परिषदेत 1607 चा जुना नकाशा दाखवून चिमटा काढला होता, मग आम्ही उत्तर अमेरिकेलाच मेक्सिकन अमेरिका म्हणू का? फेब्रुवारीत गुगलने तोडगा काढला. अमेरिकेतल्या फोनवर नवं नाव, मेक्सिकोतल्या फोनवर जुनं आणि बाकी जगाला दोन्ही, एक कंसात. म्हणजे म्हसळा स्टँडवर उभं राहून मोबाईल काढला तर आपल्याला दोन्ही नावं दिसणार.

तिकडे चाचींच्या मुलाच्या आखाताचंही तेच. इराणी म्हणतात खलीज-ए-फार्स, अरब म्हणतात अरबी खलीज. इराणमध्ये तर 30 एप्रिल हा त्या नावाचा राष्ट्रीय दिवसच आहे, 1622 मध्ये पोर्तुगीजांना होर्मुझमधून हाकललं त्याची आठवण म्हणून. तिथे नोकरीला गेलेल्या आपल्या पोरांना पहिल्याच आठवड्यात कळतं की कुठल्या माणसासमोर कुठलं नाव घ्यायचं.

आणि आपला बंगालचा उपसागर? जगातला सगळ्यात मोठा उपसागर तो. श्रीलंका, तामिळनाडू, आंध्र, ओडिशा, बांगलादेश, म्यानमार एवढ्यांचे किनारे त्याला लागतात, नाव मात्र एका कोपऱ्याचं.

तुम्ही म्हणाल, एवढं जगाचं पुराण कशाला? कारण तिकडे नावावरून भांडायला दोन देश आहेत. आपल्या पाण्याच्या नावासाठी भांडायला कोणी नाही.

आपल्याकडचं सांगतो.

जरा नकाशा डोळ्यासमोर आणा. उत्तरेला राजपुरी, दक्षिणेला दिघी आणि त्या तोंडातच जंजिरा किल्ला. तिथून पाणी पूर्वेला आत घुसतं. आत आल्यावर आगरदांडा लागतो, मग पाणी पसरतं आणि पुढे फाटे फुटतात. एक मांदाडकडे, कुड्याच्या लेण्यांच्या पायथ्याने. दुसरा आपल्याकडे, म्हसळ्याकडे. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा आणि तळा, चार तालुक्यांनी वेढलेलं हे एकच पाणी. भरती एकच, ओहोटी एकच. दिघीला चढलेलं उधाण थोड्या वेळाने आपल्या खारबंदिस्तीवर आपटतं.

ही मुळात दरी आहे. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा शंभर-सव्वाशे मीटर खाली होती. बर्फ वितळला, समुद्र वर आला आणि कोकणातल्या नद्यांच्या दऱ्या खालून बुडत गेल्या. त्या बुडालेल्या दऱ्या म्हणजे आपल्या खाड्या. म्हणून तर इथे डोंगर थेट पाण्यात उतरतो आणि म्हसळ्यासारखं आतलं गाव बंदर होऊ शकलं. माझे आजोबा सांगायचे, भरती बघून मचवे वर यायचे, कौलं, मीठ, सुकी मासळी उतरायची आणि परत जाताना लाकूड भरून जायचं.

आता प्रश्न. या पाण्याचं नाव काय?

मुरूडकर म्हणतो राजपुरीची खाडी. दिघीचा माणूस म्हणतो दिघीची खाडी. मांदाडला विचारा, मांदाडची खाडी. आपण म्हणतो म्हसळ्याची खाडी. बोलताना यात काहीच चूक नाही. जो तो आपल्या उंबऱ्यावरून पाणी बघतो. अडचण कागदावर येते.

माझा स्वतःचा अनुभव. काही वर्षांपूर्वी खाडीच्या कडेला तिवरांत रातोरात डंपर रिकामे होत होते. माती, डबर, सगळं. चार-पाच जणांनी मिळून अर्ज केला आणि एका सरकारी कार्यालयात घेऊन गेलो. अर्जात लिहिलं होतं, "म्हसळा खाडी". समोरच्या साहेबांनी नकाशा उघडला, बोट फिरवलं आणि शांतपणे म्हणाले, "अशी खाडी आमच्या नकाशात नाही. तुम्हाला राजपुरी म्हणायचंय का? ती मुरूडकडे येते, तिकडे अर्ज करा." मुरूडकडे विचारलं तर तिथून उत्तर, जागा म्हसळा तालुक्यात आहे, तिकडेच जा. या चकरांत पावसाळा आला. डबर तिथेच राहिलं, त्यावर आता गवत उगवलंय.

त्या साहेबांवर माझा राग नाही. त्यांच्यासमोरच्या कागदात आमचं पाणी नव्हतं एवढंच. पण त्या दिवशी एक गोष्ट पक्की कळली. ज्या पाण्याला कागदावर एक नाव नाही त्याची तक्रार कुणाच्याच टेबलावर नसते.

हे फक्त कारकुनी खुसपट वाटत असेल तर कायदा बघा. सागरी किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे आपण सीआरझेड म्हणतो त्याची, पहिली अधिसूचना 1991 ची. त्यात समुद्र, उपसागर, नदीमुखं, खाड्या यांच्या भरतीरेषेपासून 500 मीटरचा पट्टा धरला होता आणि नद्या-खाड्यांसाठी तो कमी करायची मुभा होती. 2011 च्या अधिसूचनेत समुद्राला 500 मीटर राहिले, पण उपसागर, नदीमुख, नदी, खाडी हे सगळं "भरती-ओहोटीचा प्रभाव असलेलं पाणी" या एका गटात गेलं. त्याला 100 मीटर किंवा खाडीची रुंदी, जे कमी असेल ते. 2019 च्या अधिसूचनेत ते 50 मीटरवर आलं. तिवरांना वेगळं संरक्षण आहे, ते खरं. पण पट्टा बघा, 500, 100, 50. पाणी तेच, काठ तोच. त्याला कुठल्या शब्दाखाली बसवलं त्यावर मोजपट्टी बदलली.

गंमत म्हणजे आंतरराष्ट्रीय समुद्री कायद्यात उपसागर कशाला म्हणायचं याची सरळ कसोटी आहे. 1982 चा संयुक्त राष्ट्रांचा करार, कलम 10. तोंडाच्या दोन टोकांमध्ये रेघ मारायची, त्या रेघेवर अर्धवर्तुळ काढायचं आणि आतलं पाणी त्या अर्धवर्तुळाएवढं किंवा जास्त भरलं पाहिजे. आपल्या खाडीचं तोंड अगदी चार किलोमीटर धरलं तरी अर्धवर्तुळ होतं सव्वासहा चौरस किलोमीटरचं. आतलं पाणी त्याच्या किती पट आहे हे दिघी-आगरदांडा फेरीबोटीत बसलेल्या कुणालाही दिसतं. मला आपल्या खाडीला उपसागर म्हणवून घ्यायची हौस नाही. सांगायचं एवढंच की नाव आणि व्याख्या यांच्यात मोजमाप लपलेलं असतं आणि मोजमापात कुणाची जमीन, कुणाची जाळी, कुणाचं घर.

आणखी एक. खाडी आत कुठवर धरायची हेही त्याच अधिसूचनेत आहे. वर्षातल्या सगळ्यात कोरड्या काळात जिथे पाण्यात हजार भागांत पाच भाग क्षार सापडतो, तिथवर सीआरझेड. आपण म्हसळेकर खाडीच्या शेपटीला राहतो, त्यामुळे ही रेघ आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाची. ही रेघ नकाशावर कुठे पडली, त्या ठिकाणाला स्थानिक लोक काय म्हणतात, हे जर त्या नकाशावर लिहिलेलंच नसेल तर गावचा माणूस हरकत घेणार कशावर? "अमुक अक्षांश-रेखांशाला माझी हरकत आहे" असं कोण म्हणतो? तो म्हणणार, "त्या खडकापासून वरच्या बंदरापर्यंत". तो खडक नकाशात हवा ना.

आता तिसरी बाजू. आपण नाव लिहिलं नाही म्हणून जागा रिकामी राहिली असं झालेलं नाही. एक नाव हळूहळू सगळ्यावर पसरतंय, ते म्हणजे दिघी. दिघी पोर्ट 2021 मध्ये अदानी समूहाकडे गेलं. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राने 12 औद्योगिक शहरं मंजूर केली, त्यात महाराष्ट्राच्या वाट्याला आलेल्याचं नाव दिघी पोर्ट इंडस्ट्रियल एरिया, 6,056 एकर. नाव ऐकून मुंबईतल्या माणसाला वाटतं हे दिघी गावात समुद्राकाठी आहे. प्रत्यक्षात ते माणगाव-रोह्याच्या बाजूला, बंदरापासून पन्नासेक किलोमीटर आत. बंदराचं नाव डोंगर ओलांडून तिथवर पोचलं. आणि ज्या खाडीच्या जिवावर ते बंदर उभं आहे, त्या खाडीचं नाव किती बातम्यांत वाचलंत?

मी बंदराच्या विरोधात नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर कमेंटमध्ये सुरू होईल. आपल्या पोरांनी दोह्याला आणि कुवेतला जाऊन राबण्यापेक्षा इथे काम मिळालं तर चाचींची झोप उडणार नाही. पण बंदराची खाडी आणि माणसांची खाडी हे दोन वेगळे हिशेब आहेत. बंदराच्या हिशेबात खाडी म्हणजे खोली, गाळ, जहाजाचा मार्ग. माणसांच्या हिशेबात बोय, कोळंबी, चिंबोरी, कालवं, डोल लावायची जागा, होडी ओढायची जागा, खाजण, खारबंदिस्ती. पहिला हिशेब कंपनी ठेवते, तिला ठेवावाच लागतो. दुसरा कोण ठेवतो? चार तालुक्यांत चार नावांनी वाटलेला हिशेब कुणीच ठेवत नाही.

काहीजण म्हणतील, मग आता नवं नाव द्या, मोठं, अभिमानाचं. नको. हात जोडतो. कुलाबा जिल्ह्याचा 1981 मध्ये रायगड झाला, चांगलंच झालं, आपल्याला अभिमान आहे. पण इथे नवं नाव द्यायची गरज नाही, जुनं नीट लिहायची गरज आहे. आपल्या पाण्याला नावांची गरिबी कधी नव्हती. पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापारी-खलाशाने लिहिलेल्या प्रवासवर्णनात, पेरिप्लसमध्ये, चौलच्या खाली मंदागोरा नावाचं बंदर येतं. काही अभ्यासक ते बाणकोट मानतात, काही जण आपलं मांदाड. कुड्याच्या लेण्यांतल्या शिलालेखांत मांदव हे नाव आहे. पुढे दंडाराजपुरी हे नाव शिवकाळात गाजलं. महाराजांनी दंडाराजपुरी घेतली, समोरचा किल्ला मात्र सिद्दीकडेच राहिला.

आणि जंजिरा? अरबी जझीरा, म्हणजे बेट. उद्या कोणी उठून म्हणेल हा शब्द परका, बदला. त्यांना सांगा, मराठ्यांच्या कागदांत स्वतःच्या जलदुर्गांनाही जंजिरा म्हटलेलं आहे, जंजिरे सुवर्णदुर्ग, जंजिरे सिंधुदुर्ग. शब्द समुद्रावरून आला, इथे राहिला, आपला झाला. चाचींचा खलीज आणि आईची खाडी एका भिंतीच्या दोन बाजूंना राहतात, तसंच हे.

दुसरी हरकत येईल की एकच नाव लादलं तर आमची म्हसळ्याची खाडी पुसली जाईल. मलाही ती भीती होती. पण दोन्ही ठेवता येतात. सगळ्या पाण्याला राजपुरी खाडी, कारण तोंडाशी ते नाव जुनं आहे आणि सरकारी नकाशात आधीपासून आहे. आणि प्रत्येक फाट्याला त्याचं त्याचं नाव: राजपुरी खाडी, म्हसळा फाटा. राजपुरी खाडी, मांदाड फाटा. गुगल अख्ख्या जगाला कंसात दुसरं नाव दाखवू शकतं, तर आपल्या अर्जात एक स्वल्पविराम जड नाही.

तर माझं म्हणणं सोपं आहे आणि त्यात कुणाचा पैसा जात नाही.

पहिलं, खाडीकाठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीने ग्रामसभेत ठराव करावा की यापुढे पत्रव्यवहारात "राजपुरी खाडी" आणि पुढे आपल्या भागाचं नाव, असंच लिहू. चारही तालुक्यांत एकच पद्धत.

दुसरं, प्रत्येक गावाने आपल्या हद्दीतल्या जागांची यादी करावी. खडक, कोंड, बंदर, उतार, डोल लावायच्या जागा, मासे सुकवायची खळी, तिवरांचे पट्टे, स्मशान, दर्गा, देऊळ. ही यादी ठेवायला जागा आधीच आहे. 2002 च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही सांगितलेली आहे. तुमच्या पंचायतीत ती वही आहे का, आहे तर त्यात काय लिहिलंय, एकदा जाऊन बघा. आधी यादी, मग मोबाईलवर त्या जागेचं लोकेशन.

तिसरं, किनारा व्यवस्थापनाच्या नकाशांवर सुनावणी लागते तेव्हा जायचं. त्या नकाशांत कोळीवाडे, जेट्ट्या, मासे सुकवायच्या जागा दाखवायच्या असतात. दाखवल्या नसतील तर यादी समोर ठेवायची. तोंडी बोललेलं वाऱ्यावर जातं, यादीला आवक क्रमांक मिळतो.

चौथं, यादी करायला म्हाताऱ्या माणसांकडे आधी जा. पाग टाकणारे, कालवं फोडणाऱ्या बाया, जुने तांडेल. नौदलाचं जलसर्वेक्षण कार्यालय देहरादूनला आहे. ते पाण्याची खोली उत्तम मोजतील, पण कुठल्या खडकाला काय म्हणतात हे देहरादूनला बसून कळणार नाही. ते आपल्याच आळीत कळतं, आणि ज्यांना माहीत आहे त्यांची वयं आता सत्तर-ऐंशी आहेत.

परवा आईला सहज विचारलं, लहानपणी तू खाडीवर जायचीस तिथल्या जागांची नावं सांग. तिने बसल्या बसल्या अकरा नावं सांगितली. त्यातली मला तीन माहीत होती. माझ्या मुलीला एकही नाही. तिला मेक्सिकोच्या आखाताची दोन्ही नावं पाठ आहेत, सामान्यज्ञानाच्या परीक्षेत येतात म्हणून.

ती अकरा नावं मी वहीत उतरवून घेतली आहेत. डबर पडलेल्या जागेलाही नाव होतं, आईला माहीत होतं. तेव्हा अर्जात ते लिहायचं आम्हाला सुचलं नाही.

खाली कमेंटमध्ये तुमच्या गावच्या बाजूला खाडीला, खडकाला, बंदराला काय म्हणतात ते लिहा. मुरूड, श्रीवर्धन, तळा, सगळीकडच्यांनी लिहा. घरात कोणी जुनं माणूस असेल तर आज संध्याकाळी पाच मिनिटं त्यांच्याजवळ बसा. एकाच जागेला दोन नावं आली तर भांडू नका, दोन्ही लिहू. पुढच्या ग्रामसभेच्या आत पहिली यादी करून मी इथेच टाकतो.